किरणोपचारातला मेडिकल फिजिसिस्ट: या कामात शिरायचं कसं आणि टिकायचं कसं

पहिला रुग्ण यायला पाऊण तास आहे. टेक्नॉलॉजिस्टने लिनॅक, म्हणजे किरणोपचाराचं मशीन, सुरू करून रोजची तपासणी केली आहे आणि पडद्यावर आउटपुट, म्हणजे मशीन देत असलेला डोस, ठरल्यापेक्षा १.९ टक्के जास्त दिसतंय. रोजच्या तपासणीत ३ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, त्यामुळे खूण हिरवी आहे. पण परवापर्यंत हाच आकडा ०.४ होता. आता काय कराल?

“हिरवं आहे, सुरू करा” हे उत्तर चुकीचं नाही. उपचार थांबवायची गरज नाहीच. फक्त फिजिसिस्ट एवढ्यावर उठत नाही. तो मागच्या पंधरा दिवसांचे आकडे काढतो. चढ हळूहळू आलाय की एका रात्रीत उडी पडलीय? काल इंजिनिअर येऊन गेला होता का? मशीन सरकलंय की तपासणीचं उपकरणच? दुपारी दोन रुग्णांच्या मधल्या वेळात तो वेगळं चेंबर, म्हणजे किरण मोजायचं उपकरण, लावून स्वतः मोजतो आणि मगच त्याचा जीव खाली पडतो. हा उद्योग तुम्हाला कटकटीचा वाटत असेल तर पुढे वाचू नका, खरंच. मजेचा वाटत असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

काम नेमकं कोणतं

कर्करोगावरच्या किरणोपचारात डॉक्टर ठरवतात की कुठे आणि किती डोस द्यायचा. टेक्नॉलॉजिस्ट रुग्णाला रोज त्याच स्थितीत झोपवून उपचार देतात. प्लॅनिंग, म्हणजे किरण कुठून आणि किती सोडायचे याचा आराखडा, कुठे डोसिमेट्रिस्ट करतात, कुठे फिजिसिस्ट. फिजिसिस्टची खास जबाबदारी एकच: कागदावर २ ग्रे (ग्रे हे डोसचं एकक) लिहिलंय म्हणजे रुग्णाच्या शरीरात, त्या ठरलेल्या जागी, खरोखर २ ग्रेच पोचले पाहिजेत.

त्या दोन ग्रेमागे लांब साखळी असते. राष्ट्रीय प्रमाण प्रयोगशाळेशी जुळवलेलं आयन चेंबर, त्याचं प्रमाणपत्र, पाण्याच्या टाकीतलं मोजमाप, मशीनने किती किरण सोडले ते मोजणारे मॉनिटर युनिट म्हणजे एमयू, प्लॅनिंगच्या संगणकात भरलेला बीमचा म्हणजे किरणझोताचा डेटा, रुग्णाचं सीटी, आणि शेवटी टेबलावरचा माणूस. कुठलीही एक कडी दोन टक्के सरकली तर पुढचे सगळे रुग्ण दोन टक्के सरकतात. शल्यचिकित्सकाची चूक एका रुग्णापुरती असते, आपली चूक वेळापत्रकातल्या प्रत्येकाच्या वाट्याला जाते.

जाता जाता एक गोष्ट. डोसचं एकक ज्यांच्या नावावर आहे ते लुई हॅरोल्ड ग्रे हे स्वतः रुग्णालयात काम केलेले भौतिकशास्त्रज्ञ होते. १९७५ मध्ये एककाला त्यांचं नाव मिळालं. आपण डॉक्टर नसून हॉस्पिटलात काय करणार, असं घरचे विचारतील तेव्हा हे सांगता येईल.

आपला पिंड या कामाचा आहे का

भौतिकशास्त्रात हुशार असणं पुरत नाही, आणि अतिहुशार असण्याची गरजही नाही. इथलं गणित बहुतांशी वर्गमूळ, घातांक आणि त्रैराशिकाच्या पलीकडे जात नाही. लागते ती चिकाटी. तेच मोजमाप तीनदा घेण्याची, आणि तिसरं वेगळं आलं तर ते “चुकून आलं” म्हणून फेकून न देण्याची.

वेळेचं आधीच सांगून ठेवते. रुग्णांचे उपचार संपल्यावर मशीन मोकळं होतं, आणि आपलं मोठं काम तेव्हा सुरू होतं. महिन्याची क्यूए, म्हणजे मशीनची गुणवत्ता-तपासणी, संध्याकाळी, वर्षाची क्यूए सुट्टीच्या दिवशी. नवं मशीन बसवताना तर कित्येक आठवडे दिवस-रात्र एक होते.

किरणांची भीती हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. कर्मचाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ५० पेक्षा जास्त नाही अशी आहे. सामान्य लोकांसाठी ती १ आहे. लिनॅकचा बीम चालू असताना खोलीत रुग्णाशिवाय कोणी नसतं, आणि बीम बंद झाला की नेहमीच्या ६ एमव्हीच्या (मेगाव्होल्ट, बीमच्या ऊर्जेचं माप) मशीनमधून काही निघत नाही. १० एमव्हीच्या वर न्यूट्रॉन तयार होतात आणि मशीनचे काही भाग थोडा वेळ किरणोत्सारी राहतात, तेवढं लक्षात ठेवायचं. खरी सावधगिरी ब्रेकीथेरपीत, म्हणजे किरणोत्सारी स्रोत गाठीत किंवा गाठीजवळ ठेवून केलेल्या उपचारात. तिथला स्रोत बटण दाबून विझवता येत नाही.

शिक्षणाचा रस्ता

पाया भौतिकशास्त्राची पदवी. त्यावर मेडिकल फिजिक्समधलं पदव्युत्तर शिक्षण. आणि त्यानंतर रुग्णालयात, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष प्रशिक्षण. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था या प्रशिक्षणासाठी किमान दोन वर्षं धरते. नाव, परीक्षा आणि नोंदणी देशागणिक बदलते. अमेरिकेत कॅम्पेप या संस्थेची मान्यता असलेली रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातलं प्रशिक्षण, केल्याशिवाय एबीआर या मंडळाच्या प्रमाणपत्रापर्यंत जाता येत नाही, आणि ती परीक्षा तीन टप्प्यांची, शेवटचा टप्पा तोंडी. ब्रिटनमध्ये तीन वर्षांचा पगारी प्रशिक्षण कार्यक्रम आहे. त्यातच पदव्युत्तर पदवी होते आणि नंतर एचसीपीसी या नियामक संस्थेकडे नोंदणी. भारतात एमएस्सीनंतर रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका किंवा थेट मेडिकल फिजिक्समधली एमएस्सी, मग रुग्णालयातली इंटर्नशिप, आणि सुरक्षा अधिकारी म्हणून काम करायचं तर अणुऊर्जा नियामक मंडळाची मान्यता. प्रवेश घेण्याआधी एक गोष्ट लेखी विचारून घ्या: या पदवीवर तुमच्या देशाचा नियामक तुम्हाला रुग्णालयात काम करू देतो का? नाव मेडिकल फिजिक्स असलेल्या प्रत्येक अभ्यासक्रमाला ही मान्यता असतेच असं नाही.

पदवीच्या काळात तीन गोष्टी घट्ट करा. किरणांची पदार्थाशी होणारी क्रिया: कॉम्प्टन विकिरण का महत्त्वाचं, कमाल डोस त्वचेवर न येता ६ एमव्हीला साधारण दीड सेंटिमीटर खाली का येतो, हे सूत्राशिवाय समजावता आलं पाहिजे. दुसरी, मोजमापातली अनिश्चितता. तिसरी, सीटीवरची शरीररचना. हिच्याकडे आपली मंडळी दुर्लक्ष करतात आणि मग पहिल्या वर्षी पॅरोटिड लाळग्रंथी कुठली नि सबमँडिब्युलर कुठली हे डॉक्टरांना विचारत बसतात. थोडं पायथॉनही शिकून ठेवा.

रेसिडेन्सी: खरी शाळा

पहिला महिना टेक्नॉलॉजिस्टबरोबर काढा. प्लॅनिंगच्या खोलीत बसू नका. रुग्णाचं डोकं स्थिर ठेवणारा मास्क आठवड्यागणिक सैल होतो, कोणाला हात वर धरून वीस मिनिटं झोपता येत नाही, कोणाचं मूत्राशय रोज कमी-जास्त भरलेलं असतं. हे पाहिलं की गाठीच्या लक्ष्यभागाभोवती पाच मिलिमीटर कशासाठी सोडतात ते पुस्तकाशिवाय कळतं. शिवाय मशीनचा आवाज बदललाय हे सगळ्यात आधी त्यांनाच कळतं. त्यांच्याशी सूत जमवून ठेवणं हा क्यूएचाच भाग आहे.

मग पाण्याची टाकी. संदर्भ डोस मोजण्यासाठी बहुतेक ठिकाणी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची टीआरएस-३९८ ही पद्धत वापरतात. ती २००० साली आली आणि २०२४ मध्ये सुधारली गेली. उत्तर अमेरिकेत टीजी-५१ चालते. १० बाय १० सेंटिमीटरचं क्षेत्र, पाण्यात १० सेंटिमीटर खोलीवर ०.६ घन सेंटिमीटरचं फार्मर चेंबर, आणि इलेक्ट्रोमीटरवरचं वाचन. त्या वाचनाला तापमान-दाबाची, ध्रुवीयतेची, आयनांच्या पुनर्मीलनाची आणि बीमच्या गुणवत्तेची दुरुस्ती लावायची.

यातली तापमान-दाबाची दुरुस्ती एकदा हाताने करून बघाच. चेंबरमधली हवा गरम झाली किंवा दाब घटला की तिच्यातले रेणू कमी होतात आणि वाचन कमी येतं. पाण्याचं तापमान २४ अंश, दाब १०० किलोपास्कल, प्रमाणपत्रावरचं तापमान २० अंश आणि दाब १०१.३२५ असं धरा. २९७.२ भागिले २९३.२ म्हणजे १.०१३६. १०१.३२५ भागिले १०० म्हणजे १.०१३३. गुणाकार १.०२७. ही दुरुस्ती विसरलात तर आउटपुट सुमारे २.७ टक्के कमी दिसेल, तुम्ही मशीन तेवढं वर चढवाल, आणि त्या दिवसापासून प्रत्येक रुग्णाला २.७ टक्के जास्त मिळेल. गंमत अशी की रोजच्या तपासणीचं उपकरण याच मोजमापावर बेतून ठेवलेलं असेल तर ते रोज हिरवंच दाखवत राहील. आणि हो, प्रमाणपत्रावरचं तापमान वाचा. काही देशांत ते २० नसून २२ अंश असतं. तेवढ्यानेच ०.७ टक्के इकडचं तिकडे होतं.

शिकत होते तेव्हा माझं आउटपुट एकदा एक टक्का जास्त आलं. सगळी गणितं पुन्हा केली, चूक सापडेना. मशीन खाली उतरवायचं म्हणून सरांकडे परवानगी मागायला गेले. त्यांनी वहीकडे पाहिलंच नाही. “पाणी कधी भरलंस?” म्हणाले. अर्ध्या तासापूर्वी. “मग हात घालून बघ.” पाणी गार होतं. मी खोलीच्या भिंतीवरचा २४ अंशाचा आकडा लिहिला होता, टाकीतलं पाणी होतं २१. तीन अंश म्हणजे बरोबर एक टक्का. मशीन बिचारं ठीकच होतं. तेव्हापासून टाकी आदल्या संध्याकाळी भरते आणि तापमापक पाण्यात सोडते.

प्लॅनिंग शिकताना एक सवय लावून घ्या. संगणकाने एमयू सांगितले की आधी मनात अंदाज करा. सरळ एका बीमचा उपचार असेल तर कागदावर पाच-सहा ओळींत उत्तर निघतं आणि ते संगणकाशी दोन-तीन टक्क्यांत जुळायला हवं. १०० सेंटिमीटरऐवजी १०५ वर रुग्ण गेला तर डोस नऊ टक्क्यांनी घटतो, हे व्यस्त वर्गाचं उत्तर झोपेतही सांगता यायला हवं. आयएमआरटी किंवा व्हीमॅटमध्ये, म्हणजे बीमचा आकार आणि तीव्रता बदलत दिलेल्या उपचारांत, हाताने गणित जमत नाही. तिथे स्वतंत्र सॉफ्टवेअर आणि रुग्णाच्या प्लॅनचं प्रत्यक्ष मोजमाप, दोन्ही लागतं. मोजलेला आणि गणिताने आलेला डोस ३ टक्के आणि २ मिलिमीटर या निकषावर ताडून ९५ टक्के बिंदू जुळले की प्लॅन पास, अशी एएपीएम या अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्टांच्या संघटनेच्या टीजी-२१८ अहवालाची २०१८ पासूनची शिफारस आहे. पण ९६ टक्के आले म्हणून वही मिटू नका. न जुळलेले चार टक्के बिंदू कुठे आहेत? सगळे मज्जारज्जूच्या बाजूला गोळा झाले असतील तर तो आकडा पास असूनही प्लॅन पास नाही.

रेडिओबायोलॉजीचं एक गणित मुलाखतीत हमखास येतं. ६० ग्रे ३० वेळांत द्यायचे ते २० वेळांत दिले तर काय फरक? दर वेळचा डोस ३ ग्रे होतो. अल्फा-बीटा हे पेशी दर वेळच्या डोसच्या मोठेपणाला किती संवेदनशील आहेत त्याचं माप; गाठीसाठी ते १० धरलं तर २ ग्रेच्या हिशोबात हे ६५ ग्रेइतकं होतं, उशिरा परिणाम दिसणाऱ्या निरोगी पेशींसाठी ३ धरलं तर ७२. डोस तोच, गाठीला पाच जास्त आणि निरोगी भागाला बारा. म्हणून कोणी उपचार चुकवला आणि “उरलेल्या दिवसांत दोन-दोन उरकून टाकू” असं म्हणालं की फिजिसिस्टच्या कपाळावर आठी येते.

ब्रेकीथेरपीसाठी इरिडियम-१९२. त्याचं अर्धायुष्य ७३.८ दिवस, म्हणजे रोज साधारण एक टक्का तो थकतो. नव्या स्रोताने दहा मिनिटांत होणारा उपचार नव्वद दिवसांनी तेवीस मिनिटं घेतो. स्रोत बदलला की त्याची ताकद वेल चेंबरमध्ये, म्हणजे विहिरीसारखी पोकळी असलेल्या चेंबरमध्ये, स्वतः मोजायची आणि कंपनीच्या प्रमाणपत्राशी ताडायची. स्रोत परत तिजोरीत गेलाच नाही तर काय करायचं, याची कवायत घड्याळ लावून करा. कागदावर पाठ केलेली पायरी अलार्म वाजल्यावर आठवत नाही.

भिंतींची जाडी काढण्याचं गणितही या काळात एकदा करून घ्या, कारण नंतर संधी क्वचित मिळते. ६ एमव्हीच्या मुख्य बीमसाठी पहिले ३७ सेंटिमीटर काँक्रीट किरण दहापट कमी करतं, नंतरचं प्रत्येक दहापटीला ३३ सेंटिमीटर. दहा लाखपट कमी करायचे तर सुमारे दोन मीटर भिंत. बंकर एवढे जाडजूड का असतात ते यातून दिसतं.

अपघात पाठ करा

या व्यवसायात पुस्तकांपेक्षा अपघातांचे अहवाल जास्त शिकवतात. मी नव्या मुलांना चार वाचायला लावते.

ब्रिटनमधल्या स्टोक इथे १९८२ ते १९९१ या काळात सुमारे एक हजार रुग्णांना कमी डोस मिळाला. अंतराची दुरुस्ती संगणक आपणहून करत होता आणि माणसं ती हाताने पुन्हा करत होती. नऊ वर्षं कोणाला पत्ता लागला नाही, कारण जास्त डोसने त्वचा जळते, कमी डोसने काहीच दिसत नाही. कोस्टारिकातल्या सान होसे इथे १९९६ मध्ये कोबाल्टचा नवा स्रोत मोजताना ०.३ मिनिटाचे ३० सेकंद धरले गेले. खरं तर ते १८. शंभराहून जास्त रुग्णांना जास्त डोस गेला आणि त्याची किंमत मोजावी लागली. फ्रान्समधल्या तुलूझमध्ये २००६-०७ साली अतिशय लहान क्षेत्रं मोजायला मोठं चेंबर वापरलं गेलं. चेंबरचा कडेचा भाग बीमच्या बाहेर राहिल्यामुळे वाचन कमी आलं आणि १४५ रुग्णांना जास्त डोस गेला.

चौथा थेराक-२५ या किरणोपचाराच्या मशीनचा. १९८५ ते १९८७ या काळात या मशीनने सहा रुग्णांना भयंकर जास्त डोस दिला. जुन्या मॉडेलमधली यांत्रिक कुलपं काढून सुरक्षा सॉफ्टवेअरवर सोपवली होती. टेक्सासमधल्या टायलर इथले फिजिसिस्ट फ्रिट्झ हेगर यांनी १९८६ मध्ये मशीन बंद ठेवलं आणि ऑपरेटरला शेजारी बसवून तिने त्या दिवशी नेमकी कोणती बटणं कशी दाबली होती ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं. अखेर चूक हुकमी उमटवता आली. माहिती भराभर दुरुस्त केली तरच ती उमटत होती. सरावलेली ऑपरेटर वेगाने टंकते, कंपनीत तपासणारा माणूस सावकाश, म्हणून तिथे ती दिसत नव्हती. ऑपरेटरच्या आठवणीवर विश्वास ठेवणं आणि मशीनच्या “सगळं ठीक” वर न ठेवणं, या दोन्ही गोष्टी हेगर यांनी केल्या.

परीक्षा आणि मुलाखत

तोंडी परीक्षेत सूत्रं कमी, प्रसंग जास्त विचारतात. “मासिक तपासणीत आउटपुट २.५ टक्के आलं, बाहेर बारा रुग्ण बसलेत, काय कराल?” मासिक मर्यादा २ टक्के आहे हे माहीत असणं पहिलं. लगेच मशीन जुळवून फरक शून्यावर आणणारा उमेदवार नापास होतो. पुन्हा मोजेन, दुसऱ्या चेंबरने ताडेन, रोजच्या नोंदींशी जुळतंय का बघेन, डॉक्टरांना कळवेन, मग बदल करेन आणि बदलानंतर पुन्हा मोजून लिहून ठेवेन, हा क्रम बोलत बोलत मांडता यायला हवा. माहीत नसलेलं “माहीत नाही, अमुक अहवालात बघेन” असं सांगितलं तर गुण जात नाहीत. ठोकून दिलं तर जातात, आणि ते योग्यच आहे.

पहिली नोकरी

सही करायला लागल्यावर दडपण कळतं. गर्दीच्या दिवशी कोणीतरी म्हणेलच, “प्लॅन कालसारखाच आहे, करून टाका सही.” न तपासता सही करायची नाही. पण नाही म्हणण्याची रीत असते. “मी परवानगी देत नाही” असं म्हणण्यापेक्षा “वीस मिनिटं द्या, तोवर पुढचा रुग्ण घ्या” असं म्हटलं की डॉक्टरही ऐकतात आणि यादीही थांबत नाही. स्वतःच्या चुका स्वतः आधी सांगा. ज्या विभागात होता होता टळलेली चूक नोंदवली तर रागावतात, तिथे पुढची चूक टळत नाही.

आधीच्या फिजिसिस्टकडून काम हाती घेताना कमिशनिंगचा, म्हणजे मशीन पहिल्यांदा वापरात आणतानाच्या मोजमापांचा, मूळ डेटा मागून घ्या आणि त्यातली दोन-चार क्षेत्रं स्वतः मोजून जुळवा. तसंच बाहेरच्या संस्थेकडून टपालाने डोस तपासून घेण्याची सोय असते, तिचा लाभ घ्या. आपलं चेंबर, आपली टाकी, आपलंच गणित, आणि तपासणारेही आपणच, असं झालं की स्टोक घडतं.

पुढच्या वाटा बऱ्याच आहेत: प्रोटॉन उपचार, एमआर-लिनॅक (एमआरआय जोडलेलं लिनॅक), संशोधन, अध्यापन, नियामक संस्था, मशीन बनवणाऱ्या कंपन्या. सीटीवर गाठीच्या नि अवयवांच्या सीमारेषा आखायचं काम आता सॉफ्टवेअर मिनिटांत करतं, प्लॅनही बऱ्यापैकी करतं. त्याने नोकऱ्या जातील का, असं मुलं विचारतात. प्लॅन काढण्यातच ज्याचा सगळा दिवस जातो त्याने जरा काळजी करावी. पण सॉफ्टवेअरने आखलेली रेषा कोणाच्या तरी सहीनेच रुग्णापर्यंत जाते, आणि ती सही करणाऱ्याला ते सॉफ्टवेअर कुठे हमखास चुकतं हे माहीत असावं लागतं.

रेसिडेन्सीची जागा निवडताना एक दिवस तो विभाग बघायला मागा. मशीन किती नवं आहे याच्याकडे फार लक्ष देऊ नका. क्यूएच्या नोंदी दाखवा म्हणा. आकडे थोडे वर-खाली होतायत, मध्येच कुठे लाल शाईने “पुन्हा मोजलं, दाब चुकीचा लिहिला होता” असं खरडलंय, तर तिथे शिकायला मिळेल. आणि वर्षभर रोज ०.०, ०.१, ०.० असंच लिहिलेलं दिसलं तर आभार मानून दुसरी जागा शोधा.